कळलावी : कुंपणावरून अंगणात

वनस्पतींच्या इतिहासात नावांना मोठा अर्थ असतो. ज्या झाडाशी माणसाचे काही देणेघेणे नाही, त्याला तो एक नाव देतो आणि विसरून जातो. परंतु ज्याच्याविषयी त्याच्या मनात एकाच वेळी ओढ आणि भय वसत असते, त्याला तो पुनःपुन्हा नवी नावे देत राहतो. महाराष्ट्राच्या रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या एका वेलीची कथा अशीच आहे. मराठीत तिला कळलावी म्हणतात. कोठे खड्यानाग, कोठे इंदई असेही म्हणतात. संस्कृत निघंटूंत ती लांगली, हलिनी, कलिकारी, विशल्या, अग्निशिखा, शक्रपुष्पी, गर्भनुत् अशा नावांनी वावरते. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राने तिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' म्हणजे वैभवशालिनी आणि मानिनी असे दुहेरी बिरुद दिले. इतक्या नावांची ही धनीण. पण जास्वंदीला, मोगऱ्याला, अगदी परदेशाहून आलेल्या झेंडूलाही घराच्या अंगणात जी जागा मिळाली, ती हिला फारशी लाभली नाही. ती कुंपणावरच राहिली. असे का झाले, आणि आता तिला आत घ्यावे की नाही, याचा निर्णय तिच्या इतिहासावरूनच होण्यासारखा आहे.

प्रथम तिची ओळख करून घेणे बरे. आषाढाच्या सरींनी डोंगरउतार हिरवे झाले आणि करवंदीच्या जाळ्या पानांनी दाटल्या, म्हणजे त्या जाळ्यांतून ही वेल डोके वर काढते. तिचा दांडा मऊ व बारीक; परंतु आधार मिळाला तर ती दहा-पंधरा फूटही चढते. चढण्याची तिची युक्ति मोठी मौजेची आहे. काकडीच्या वेलीला जसे वेगळे ताणे फुटतात तसे हिला फुटत नाहीत. हिच्या प्रत्येक पानाचे टोकच लांब होऊन वळते व जवळच्या काटकीला वेढा घालते. श्रावणात तिला फुले येऊ लागतात. फूल खाली मान घालून उमलते, पण त्याच्या सहाही पाकळ्या मागे उलटून वर उठतात. त्यांच्या कडा नागमोडी असतात. आरंभी त्या हिरवट, मग पिवळ्या, पुढे नारिंगी आणि शेवटी लाल होतात; त्यामुळे एकाच वेलीवर एकाच दिवशी हे सर्व रंग दिसतात. वाऱ्याने ती वेल हलू लागली की कुंपणाला आग लागल्याचा भास होतो. अग्निशिखा हे नाव ज्याने दिले त्याला डोळे होते, यात शंका नाही.

कार्तिकाच्या सुमारास वेल पिवळी पडते आणि वाळून जाते. न जाणणाऱ्याला वाटते की ती मेली. वस्तुतः ती जमिनीखाली कंदरूपाने जिवंत असते आणि पुढल्या मृगाची वाट पाहात असते. हा कंद दोन बाहूंचा, मध्ये वाकलेला, नांगराच्या आकाराचा असतो. लांगल व हल हे दोन्ही शब्द नांगराचे वाचक आहेत. लांगली आणि हलिनी ही नावे त्यावरूनच आली. म्हणजे आपल्या पूर्वजांनी ही वेल केवळ कुंपणावर पाहिली असे नव्हे, तर ती खणून, हातात घेऊन, तिचे मूळ कसे आहे ते नीट न्याहाळले होते.

त्यांनी ती खणली याचे कारण सौंदर्य हे खास नव्हते. विशल्या म्हणजे शल्य बाहेर काढणारी, आणि गर्भनुत् म्हणजे गर्भ ढकलणारी, ही नावे वैद्यांची आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, प्रसूतीनंतर वार अडकली असता लांगलीच्या मुळाचा लेप स्त्रीच्या तळहातांस व तळपायांस लावावा, असा उपचार सांगितला आहे. पुढे खेड्यापाड्यांतील सुइणींच्या परंपरेत हा उपचार उतरला. अडलेल्या बाळंतिणीस कळा याव्यात म्हणून हे मूळ उगाळून लावण्याची चाल कित्येक ठिकाणी होती. 'कळ लावणारी ती कळलावी' या शब्दातील कळ म्हणजे प्रसूतीची वेदना, असा अर्थ त्यामुळे लागतो. ज्या काळी दहा-वीस कोसांत दवाखाना नव्हता, पावसात नद्या-नाले भरून वाट बंद होत असे आणि माजघराच्या काळोखात एखादी स्त्री जीवन-मरणाच्या उंबरठ्यावर तळमळत असे, त्या काळी कुंपणावरची ही वेल घरातील वडीलधाऱ्या बायकांस कोणत्या डोळ्यांनी दिसत असेल, याची कल्पना करावी.

परंतु मराठीत कळ या शब्दाला दुसराही अर्थ आहे. कळ लावणे म्हणजे भांडण पेटविणे. इकडचे तिकडे सांगून दोघांत वितुष्ट आणणाऱ्यास लोक कळलाव्या म्हणतात आणि नारदमुनींना या धंद्याचे आद्य पुरुष समजतात. नवल असे की, हा दुसरा अर्थही मराठीने नव्याने जोडलेला दिसत नाही. संस्कृतात कलि म्हणजे कलह. कलिकारी हे या वेलीचे नाव, आणि कलिकार हे नारदाचे! वेल आणि देवर्षि यांची अशी सांगड कोशकारांनीच घालून ठेवली आहे. ही वेल दारी असली, तिचे फूल वा मूळ घरात आले, तर घरात तंटे माजतात, हा लोकांचा समज या नावाच्या सावलीत वाढला. नावावरून समज झाला की समजावरून नाव पडले, हे ठरविण्याचे साधन नाही. पण परिणाम एकच झाला. शहाण्या गृहिणीने ही वेल उंबरठ्याच्या आत येऊ दिली नाही.

या समजुतीच्या मुळाशी काही व्यवहार होता काय? होता, असे म्हणण्यास जागा आहे. ज्या वनस्पतीचा कंद विषारी आहे, जिचा गर्भपातासाठी दुरुपयोग होऊ शकतो आणि जिचे मूळ एखाद्या रताळ्यासारखे दिसते, ती मुलाबाळांच्या घरात असू नये, हा नियम पोक्तपणाचाच म्हटला पाहिजे. विषाची मात्रा सर्वांना समजावून सांगता येत नाही. 'भांडणे होतील' एवढे सांगितले की काम भागते. लोकसमजुती पुष्कळदा अशा रीतीने शहाणपणाचे गाठोडे पाठीवर वाहात असतात. दोष इतकाच की, गाठोड्यात काय आहे हे पुढील पिढ्या विसरतात, आणि मग नुसते भय उरते.

तरीही वर्षातून एकदा हे भय बाजूस ठेवले जाते. भाद्रपदात गौरी येतात. कोकणात तेरड्याच्या रोपांची गौर करण्याची चाल आहे, आणि तेथे काही भागांत कळलावीच्या फुलांना 'गौरीचे हात' असे म्हणतात. उलटलेल्या पाकळ्यांत लांबसडक बोटे दिसावीत, आणि देठाकडील पिवळ्या रंगात हळद व टोकांच्या लालीत कुंकू दिसावे, ही कल्पना ज्या कोणा अनाम स्त्रीस सुचली ती मोठी रसिक असली पाहिजे. गोमंतकात गणपतीवर जी माटोळी बांधतात, तिच्यातही रानातील फळाफुलांबरोबर ही फुले येतात. जी वेल एरवी घरात कलह आणणारी, तीच या चार दिवसांत देवीचा हात होऊन घरात येते. लोकमनाला या विसंगतीची कधी अडचण झाली नाही.

फुलात हात पाहण्याची ही दृष्टि केवळ कोकणाची नाही. तमिळ भाषेच्या प्राचीन संगम वाङ्मयात या फुलाला कांदळ म्हणतात, आणि स्त्रीच्या बोटांना कांदळाच्या पाकळ्यांची उपमा देणे हा तेथील कवींचा आवडता संकेत आहे. कपिलर या कवीच्या 'कुरिंजिप्पाट्टु' या काव्यात डोंगरावरील मुली फुले वेचतात त्या प्रसंगी नव्व्याण्णव फुलांची नावे येतात. त्यांत अगदी पहिला मान कांदळाचा आहे. डोंगराळ मुलुख, पहिला पाऊस, गुप्त भेटी आणि मुरुगन् देव यांच्याशी तमिळ कवितेने हे फूल जोडले. आज तमिळनाडूचे राज्यपुष्प हेच आहे. एका देशाने ज्या फुलात कलह पाहिला, त्याच फुलात शेजारच्या देशाने प्रीति पाहिली. आणि बोटे मात्र दोघांनाही दिसली.

सतराव्या शतकात या वेलीच्या चरित्रात परदेशी माणसाचा प्रवेश झाला. मलबारच्या डच वसाहतीचा अधिपति हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने तेथील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा भागांत प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ डचांचा म्हणून ओळखला जात असला, तरी त्यातील ज्ञान येथल्या वैद्यांचे होते. इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोंकणी भाषिक वैद्य त्या कामी झटले. गोमंतकातून दक्षिणेत जाऊन कोचीस स्थायिक झालेल्या समाजातील हे गृहस्थ. त्यांनी १६७५ साली कोंकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या भागात छापलेले आहे. १६८८ च्या सातव्या भागात कळलावीचे चित्र व वर्णन आले, ते मलबारी भाषेतील 'मेंदोनी' या नावाने.

त्याच सुमारास पॉल हरमान हा सिंहलद्वीपात काही वर्षे काढून परतलेला वैद्य हॉलंडमधील लायडेन विद्यापीठाच्या उद्यानाचा प्रमुख होता. १६८७ साली त्याने त्या उद्यानाचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ही वेल 'मेथोनिका' झाली. मलबारी नावालाच दिलेला हा लॅटिन पोशाख होय. पुढे स्वीडनचा लिनियस आला. सर्व सृष्टीला दोन-दोन शब्दांची नावे देण्याचा उद्योग त्याने आरंभिला होता, आणि ग्रीक-लॅटिनखेरीज इतर भाषांतील नावे त्याला अडाणी वाटत. त्याने मेथोनिका पुसून टाकले आणि १७५३ च्या आपल्या 'स्पीशीज प्लँटारम' या ग्रंथात 'ग्लोरिओसा सुपर्बा' हे नाव कायम केले. नाव मोठे भारदस्त खरे. पण ज्या मातीत ती वेल उगवली तिचा गंध त्या नावातून गेला. लांगली म्हटले की कंद दिसतो, अग्निशिखा म्हटले की फूल दिसते, कळलावी म्हटले की माणसे दिसतात. ग्लोरिओसा म्हटले की कोणीतरी खुर्चीवर बसून कौतुक करीत आहे, एवढेच दिसते.

कौतुक मात्र पुष्कळ झाले. थंड देशात ही वेल उघड्यावर जगत नाही, म्हणून काचेची उबदार घरे बांधून श्रीमंतांनी ती वाढविली. आफ्रिकेतही ही वेल मूळचीच आहे. तेथील दक्षिण ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या शाळकरी मुलांनी १९४७ साली इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांस हिऱ्यांचे जे भूषण भेट दिले, ते याच फुलाच्या आकाराचे होते. आणि आज झिंबाब्वेचे राष्ट्रीय पुष्पही हेच आहे. इकडे तिच्या माहेरी, सह्याद्रीच्या पायथ्याशी, गुराख्याची पोरे तीच फुले काठीने उडवीत होती.

आता तिच्या विषाकडे वळावे. आयुर्वेदाने लांगलीची गणना उपविषांत केली आहे; रुई, गुंज, कण्हेर, धोत्रा हे तिचे सोबती. औषधात घेण्यापूर्वी तिचा कंद गोमूत्रात भिजवून शुद्ध करावा, असा रसशास्त्राचा दंडक आहे. एकोणिसाव्या शतकात या विषयाकडे नव्या शास्त्राची दृष्टि वळली. मद्रासचे वैद्य मूदीन शरीफ यांनी हे मूळ अल्प प्रमाणात स्वतः घेऊन पाहिले आणि लोक समजतात तितके ते जहाल नाही, असे मत दिले. विषाची परीक्षा पाहू नये म्हणतात. त्यांनी ती पाहिली आणि सुदैवाने ते तरले. परंतु मात्रा थोडी होती, म्हणून ते तरले, हे पुढे सिद्ध झाले.

युरोपात संधिवाताच्या एका दारुण प्रकारावर, ज्यात पायाचा अंगठा सुजून असह्य ठणका लागतो त्यावर, कोल्चिकम नावाच्या कंदाचा उपयोग फार पूर्वीपासून होता. आपल्याकडील हकीम त्याच जातीच्या कंदाला सुरंजान म्हणतात. १८२० साली पेल्तिए व काव्हांतू या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्यातील तीव्र तत्त्व वेगळे केले, आणि पुढे गायगर या जर्मन संशोधकाने १८३३ मध्ये त्याला 'कोल्चिसीन' हे नाव दिले. १९१५ साली इंग्लंडमधील क्लूअर, ग्रीन व ट्यूटिन यांनी कळलावीच्या कंदाचे पृथक्करण केले, तेव्हा तेच कोल्चिसीन तिच्यातही निघाले. दोन खंडांतील दोन कंद, एक युरोपच्या कुरणातला आणि एक कोकणच्या कुंपणातला, एकाच विषाचे धनी निघाले. आज वनस्पतिशास्त्र त्या दोघांस एकाच कुळात घालते.

या द्रव्याचे कार्य समजले म्हणजे त्याचे भय आणि त्याचे मोल दोन्ही समजतात. शरीरातील पेशी दुभागते तेव्हा तिच्या आत सूक्ष्म तंतूंचा एक सांगाडा उभा राहतो आणि तो गुणसूत्रांना दोहो बाजूंस ओढतो. कोल्चिसीन हा सांगाडा उभाच राहू देत नाही. वनस्पतीवर त्याचा प्रयोग केला असता पेशी दुभागत नाही, पण गुणसूत्रे मात्र दुप्पट होतात. १९३७ साली अमेरिकेतील ब्लेकस्ली व एव्हरी यांनी ही गोष्ट दाखवून दिल्यावर नव्या जातींची पिके व फुले निर्माण करण्याचे एक साधनच बागाइतशास्त्राच्या हाती आले. माणसाच्या शरीरात हेच द्रव्य अल्प प्रमाणात दाह शमविते. २०२३ साली अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने हृदयविकारातही त्याच्या अत्यल्प मात्रेस संमती दिली. पण मात्रा वाढली की, ज्या पेशी सतत दुभागत असतात त्यांवर घाला येतो. प्रथम आतडी बिघडून वांत्या व जुलाब सुरू होतात. मागाहून अस्थींतील मज्जा रक्त निर्माण करीनाशी होते. आणि जो वाचतो त्याचे केस काही दिवसांनी झडून जातात. असा सर्व केस गेल्याचा एक सिंहली रोगी १९६६ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. सिंहलद्वीपात हे कंद खाण्याचे कंद समजून उकडून खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. सुइणीच्या लेपाचा उपाय इतिहासात आदराने वाचावा. घरात करू नये.

विषाला मोल आले, तसा बाजारही आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औषधी कारखान्यांकडून कोल्चिसीनला मागणी वाढली, आणि कंदाप्रमाणे कळलावीच्या बियांतही ते भरपूर असते हे दिसून आले. तमिळनाडूत मूलनूर, धारापुरम्, ओट्टनचत्रम् या कोरड्या प्रदेशात शेतकऱ्यांनी काटक्यांच्या ताट्यांवर तिची शेती मांडली. या शेतीत एक विलक्षण श्रम आहेत. फुलातील स्त्रीकेसर काटकोनात वळून पुंकेसरांपासून दूर गेलेला असतो, त्यामुळे फूल आपोआप फळाला येणे कठीण. फुलपाखरे व लहान पक्षी जे काम रानात करतात, ते शेतात मजूर स्त्रिया सकाळच्या प्रहरी हाताने, एकेका फुलाजवळ जाऊन करतात. देवीचा हात म्हणविणाऱ्या फुलाला माणसाचा हात लागल्यावाचून पुरेशी फळे धरत नाहीत!

परंतु या शेतीची पहिली कंदे आली कोठून? रानातून. शेत वाढले तसे रान खणले गेले. जगाच्या हिशेबाने पाहता ही वेल नामशेष होण्याच्या मार्गावर नाही. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत तिचा पसारा आहे. पण जगाचा हिशेब एका डोंगराला लागू पडत नाही. कंद खणला की त्या जागेची वेल कायमची गेली. बी पडून नवी वेल फुलावर येण्यास तीन-चार पावसाळे लागतात. महाराष्ट्रात तर आणखी एक गोष्ट घडली. थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ रचला, त्यात ही वेल नोंदलेली आहे. आणि तिचे खरे घर म्हणजे झुडपी कुंपण. कोकणातील काट्याकुट्यांची वई, देशावरील निवडुंगाचे व सागरगोट्याचे कुंपण, ही तिची वसतिस्थाने. ती वई मोडून तिथे चिऱ्याची वा सिमेंटची भिंत आली, की कंद पायात गाडला जातो. पानाच्या टोकाने धरावे असे भिंतीवर काहीच नसते. भयाने तिला घराबाहेर ठेवले, लोभाने तिला रानातून उपटले, आणि आता घर व रान यांच्या मधला कुंपणाचा पट्टाही तिच्या पायाखालून निघून चालला आहे. म्हणून तिला जाणून-उमजून बागेत घेणे ही आज केवळ हौस राहिलेली नाही.

बागेत तिला वाढविणे कठीण नाही. तिच्या स्वभावास मान दिला म्हणजे झाले. पहिला नियम असा की, कंद रानातून खणून आणू नये. लागवड करून वाढविलेले कंद रोपवाटिकेतून घ्यावेत, किंवा कोणाच्या बागेतील पक्व शेंगांचे तांबडे बी मिळवून धीर धरावा. बी टणक असते, ते उगवण्यास कित्येक महिने लावते; पण त्यापासून झालेली वेल तुमच्या मातीला जन्मापासून ओळखते. कंद लावायचा तो मृगाच्या आसपास, पहिल्या पावसाला थोडा आधी. नांगरासारख्या या कंदाच्या बाहूच्या टोकाशीच कोंब असतो आणि तो फार ठिसूळ असतो. ते टोक मोडले तर तो बाहू बहुधा फुकट गेला असे समजावे. म्हणून कंद आडवा ठेवून, चार बोटे खोल, हलक्या हाताने मातीने झाकावा. दोन कंदांत हातभर अंतर असावे.

माती कशीही चालते. पाणी तुंबता मात्र उपयोगी नाही. रानात ती उतारावर, दगडगोट्यांत, करवंदीच्या मुळांपाशी वाढते. तेथे मुसळधार पाऊस पडतो पण ठरत नाही. बागेतही वाळू, तांबडी माती व कुजलेला पालापाचोळा यांचा वाफा उंच करावा. मोठ्या कुंडीतही ती आनंदाने राहते. तळाला भोक आणि त्यावर खापऱ्या असाव्यात. बुंध्याशी सावली आणि शेंड्याला ऊन ही तिची आवड. आधार देताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. जाड खांब किंवा बांबू तिला निरुपयोगी आहेत, कारण पानाचे नाजूक टोक जाड वस्तूला वेढा घालू शकत नाही. तुरीच्या वा मेंदीच्या वाळक्या काटक्या, बारीक तार, किंवा त्याहून उत्तम म्हणजे एखादे जिवंत झुडूप द्यावे. कोयनेलच्या किंवा अबोलीमागील एखाद्या गर्द झुडपावर ती चढली म्हणजे रानातील देखावा अंगणात उभा राहतो.

फुले येऊन गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी होऊ लागली की पाणी तोडावे. पुष्कळांची वेल जाते ती येथेच. वाळणाऱ्या वेलीवर दया येऊन ते अधिकच पाणी घालतात आणि निजलेला कंद कुजवितात. तिला निजू द्यावे. कंद जमिनीतच कोरडा ठेवावा, किंवा काढून सुक्या वाळूत राखावा. जुना कंद दर वर्षी आटतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. तेव्हा पुढल्या वर्षी वेल थोडी सरकून उगवली तर नवल मानू नये.

आणि आता सर्वांत मोठी अट. ही वेल घरात घ्यायची ती तिच्या विषासकट, ते विसरून नव्हे. लहान मुले खेळतात, गुरे चरतात, अशा ठिकाणी ती लावू नये. रताळी, कणगर, कोनफळ अशा खाण्याच्या कंदांच्या वाफ्याशेजारी तर मुळीच लावू नये. माळी बदलतो, वर्षे जातात, आणि कंद कोणता हे सांगणारा कोणी उरत नाही. जागेवर नावाची पाटी असावी. कंद हाताळताना हातमोजे घालावेत व नंतर हात धुवावेत. घरातील प्रत्येकास, आणि विशेषतः मुलांस, ही वेल दाखवून तिचे नाव व तिचा गुण सांगून ठेवावा. कोणाच्या पोटात चुकून तिचा अंश गेला तर लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे. कारण तिच्या विषाचा परिणाम काही तासांनी दिसू लागतो आणि तोपर्यंत उशीर होतो.

एवढे सांभाळावे लागत असेल तर ही यातायात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु कण्हेर आपण कित्येक पिढ्या देवासाठी दारात वाढविली. धोत्रा महादेवाला वाहिला. दोघेही विषारी, आणि दोघांनाही आपण ओळखून आहोत. जिच्याशी ओळख असते तिचे भय मर्यादेत राहते. कळलावीच्या बाबतीत आपण नाव लक्षात ठेवले आणि ओळख विसरलो. तमिळ कवीने तिच्यात प्रियेची बोटे पाहिली, सुइणीने तिच्यात सुटकेची आशा पाहिली, डचांनी नवलाई पाहिली, रसायनशास्त्रज्ञाने औषध पाहिले, व्यापाऱ्याने पैसा पाहिला. कोकणातील गृहिणीने मात्र भाद्रपदातील एका सकाळी तिच्याकडे पाहून म्हटले, हे गौरीचे हात. ती गृहिणी तिचे विष जाणत नव्हती असे समजू नये. ते जाणूनच तिने तिला घरात आणले, पाटावर बसविले, आणि विसर्जनाबरोबर निरोप दिला. ज्या बागेत दर मृगाला या वेलीचा कोंब वर येईल, तेथे गौरीसाठी रान ओरबाडावे लागणार नाही. आणि कुंपणावरची ही मानिनी आपल्या सर्व नावांसह पुढील पिढीच्या ओळखीची राहील.